डोक्यावरच्या कप्प्यात काय ठेवावं, कसं ठेवावं? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

विमानात सीटच्या वर असलेल्या सामानाच्या कप्प्याबद्दल, म्हणजे ओव्हरहेड बिनबद्दल आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. माप आणि वजनाचे आकडे कंपनीगणिक बदलतात, तेव्हा शेवटी तुमच्या तिकिटावर जे छापलं असेल तेच खरं. पण त्या आकड्यांमागची कारणं सगळीकडे सारखीच असतात. ती ठाऊक असली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

प्रश्न: बॅगेवर ‘केबिन साइझ’ असं लेबल होतं. तरीही गेटवरच्या मापाच्या चौकटीत ती शिरली नाही आणि जादा पैसे भरावे लागले. असं का होतं?

उत्तर: ‘केबिन साइझ’ हे कुठल्याही विमान कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र नव्हे. बॅग बनवणारे पुष्कळदा नुसत्या खोक्याचं माप लिहितात. कंपनी मात्र चाकं, हँडल आणि बाहेरचे खिसे धरून मोजते. चाकांमुळे उंची चार-पाच सेंटीमीटरनी सहज वाढते आणि लेबलवर ५५ लिहिलेली बॅग प्रत्यक्षात ५९ भरते.

विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या जागतिक संघटनेने मार्गदर्शनासाठी ५६ × ४५ × २५ सेंमी असं कमाल माप दिलेलं आहे, पण ते कुणावर बंधनकारक नाही. प्रत्यक्षात ५५ × ४० × २०, ५५ × ३५ × २५ आणि ५६ × ३६ × २३ ही मापं जास्त आढळतात. तिन्हींत लांबी जवळपास तीच आहे, फरक आहे तो रुंदी-जाडीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांनी जाणं होत असेल तर चाकांसकट ५५ × ३५ × २० भरणारी बॅग घ्या. ती या तिन्ही चौकटींत बसते.

बॅग घरी मोजायची ती भरून. भिंतीला टेकवून उभी करा, वर एक जाड पुस्तक आडवं धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावा. जाडी मोजताना पुढचा खिसा भरलेलाच असू द्या, कारण गेटवर अडते ती बहुतेक वेळा तिथेच. बॅग फुगवायची जादा चेन असेल तर ती लावून टाका आणि परतीच्या प्रवासातही उघडू नका. वजनासाठी काट्यावर आधी बॅग घेऊन उभं राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा.

पुढचं विमान बदलायचं असेल तर सगळ्यात लहान विमानाचं माप धरा. पन्नास-सत्तर सीटच्या पंख्याच्या विमानात कप्पे उथळ असतात. मोठ्या विमानात आरामात मावलेली बॅग तिथे दारातच काढून घेतली जाते.

प्रश्न: कप्पा एवढा दणकट दिसतो, मग ७ किंवा ८ किलोचीच मर्यादा का? दोन-तीन किलो जास्त झाले तर विमानाला काय फरक पडतो?

उत्तर: एकट्या तुमच्या बॅगेने पडत नाही, सगळ्यांच्या बॅगांनी मिळून पडतो. उड्डाणाआधी विमानाचं एकूण वजन आणि तोल यांचा हिशेब होतो, पण प्रवाशांना काट्यावर उभं करत नाहीत. ठरावीक सरासरी धरतात. युरोपीय नियमांत ३० किंवा अधिक सीटच्या विमानासाठी प्रौढ प्रवासी ८४ किलोचा धरला जातो आणि त्यात त्याची हातातली बॅगही आली. प्रत्येकाने तीन किलो लपवून आणले तर १८० प्रवाशांच्या विमानात ५४० किलो हिशेबाबाहेर राहतात.

दुसरं कारण कप्प्याचं. प्रत्येक कप्प्यावर, बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा कडेला, कमाल वजनाची पट्टी असते. तेवढं वजन आणीबाणीच्या लँडिंगमध्येही आत राहील अशा बेताने कप्पा घडवलेला असतो. अशा लँडिंगसाठी पुढच्या दिशेने ९ जी इतका जोर गृहीत धरलेला आहे. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाची पट. म्हणजे १० किलोची बॅग त्या क्षणी पुढच्या भिंतीवर ९० किलोच्या वस्तूसारखी रेलते. अशा चार बॅगा एका कप्प्यात असतील तर त्या भिंतीवर आणि खटक्यावर किती ताण येईल, पाहा. ‘थोडं जास्त चालतं’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मनात करावा, एवढीच कळकळीची विनंती.

प्रश्न: झाकण लागत नसलं की लोक जोर लावून ढकलतात. त्यामुळे काय बिघडतं? आणि बॅग ठेवायची नेमकी पद्धत कोणती?

उत्तर: बिघडतो तो खटका. झाकण धरून ठेवणारा खटका लहानसाच असतो. आतून बॅग दाबत राहिली तर तो लागल्यासारखा दिसतो, पण पुरता अडकलेला नसतो. मग विमान धावपट्टीला टेकताना बसणाऱ्या हादऱ्याने किंवा हवेतल्या धक्क्यांनी झाकण उघडतं आणि सामान खाली येतं. ते बहुतेक वेळा मधल्या वाटेकडच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर.

झाकण तळहाताच्या साध्या दाबाने लागलं पाहिजे. ‘खट्’ असा स्पष्ट आवाज येतो. त्यानंतर झाकणाची कड बोटांनी एकदा ओढून बघा. काही विमानांत खटका नीट लागला नसेल तर लाल खूण दिसते. झाकण दोनदा परत आलं तर तिसऱ्यांदा ढकलू नका, बॅग बाहेर काढून तिची दिशा बदला.

ही दिशा कप्प्यावर ठरते. जुन्या, उथळ कप्प्यांत बॅग आडवी झोपवायची: चाकं आत भिंतीकडे, वरचं हँडल वाटेकडे. चाकांचा भाग जड असतो, तो आत गेला की बॅग बाहेर सरकत नाही आणि काढताना हँडल हाताशी येतं. बॅग वाटेला समांतर लांबट ठेवली तर ती दोघांची जागा खाते. खोली खरंच पुरत नसेल तरच तसं करावं.

नव्या विमानांतले कप्पे खोल आणि उंच असतात. त्यांत बॅग फळीवरच्या पुस्तकासारखी लांब कडेवर उभी ठेवायची. बोइंगने ७३७ साठी २०१५ मध्ये आणलेल्या अशा मोठ्या कप्प्यात सहा बॅगा उभ्या राहतात, त्याआधीच्या कप्प्यात चार मावत होत्या. एअरबसच्या ए३२० घराण्यातल्या नव्या विमानांतही हीच पद्धत आहे. पण दोघांनी सवयीने बॅगा झोपवल्या की सगळं गणित फिसकटतं आणि मागून येणाऱ्यांना सांगितलं जातं, ‘कप्पे भरले.’ कप्प्याच्या दारावर उभ्या बॅगेचं चित्र असेल तर ते कृपया मनावर घ्या.

आता उचलण्याचं. खांदे आणि कंबर दुखावते ती जमिनीवरून एका झटक्यात बॅग डोक्यावर नेताना. हे दोन टप्प्यांत करा. कप्प्याकडे तोंड करून, पाय थोडे फाकवून उभे राहा. आधी बॅग सीटच्या पाठीच्या उंचीपर्यंत आणा आणि तिथे टेकवा. मग दोन्ही हात बॅगेच्या दोन बाजूंना घ्या, चाकं कप्प्याच्या ओठावर ठेवा आणि एका हाताने वरून आधार देत दुसऱ्या हाताने आत सरकवा. वळायचं झालं तर पाय वळवा, कंबर पिळू नका. सीटवर चढून बॅग ठेवणं टाळा, सीटची गादी पायाखाली डगमगते.

काही विमानांत झाकण वर उघडण्याऐवजी अख्खा कप्पाच पाळण्यासारखा खाली येतो. तो बंद करताना आतल्या सामानाचं वजनही उचलावं लागतं. दोन्ही तळवे मधोमध ठेवून सरळ वर दाबा. एका कोपऱ्याला धरून ढकललं तर कप्पा तिरका होतो आणि खटका एकाच बाजूला लागतो.

बॅगांच्या वर लॅपटॉप, पाण्याची बाटली, छत्री, खरेदीचं खोकं ठेवू नका. झाकण उघडताक्षणी आधी घसरतात त्या याच वस्तू. कोट, शाल वगैरे सगळ्यांचं सामान लागल्यावर उरलेल्या फटीत घाला. उतरताना झाकण एकदम उघडायचं नाही. एक हात फटीपाशी आडवा धरा, चार बोटं उघडा, काही सरकून टेकलंय का पाहा, मगच पूर्ण उघडा.

आणि केबिन क्रूबद्दल. बॅग उचलून वर ठेवणं हे अनेक कंपन्यांत त्यांचं काम धरलेलं नाही, कारण दिवसाला अशा कितीतरी बॅगा उचलून त्यांच्या पाठी जायबंदी होतात. जागा शोधून देणं, बॅग सरकवायला हात लावणं ते करतील. स्वतःला उचलवत नाही एवढी जड बॅग चेक-इनला देणंच योग्य. वय, दुखापत किंवा गरोदरपण असेल तर विमानात शिरतानाच तसं सांगा, मदत मिळते.

प्रश्न: माझ्या सीटच्या वरचा कप्पा माझाच ना? मी पोचेपर्यंत तो भरलेला होता, आणि परतताना माझी बॅग कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवली.

उत्तर: कप्पा सीटच्या नावावर नसतो. तिकिटात सीटचा क्रमांक असतो, कप्प्याचा नसतो. जो आधी येतो तो आधी ठेवतो. त्यामुळे आधी बोर्डिंग मिळणं म्हणजे खरं तर कप्प्यात जागा मिळणं. तरी आपली बॅग आपल्या सीटजवळ ठेवावी अशी कंपन्यांची अपेक्षा असते, आणि मागे बसणाऱ्यांनी पुढे दाराजवळ बॅगा टाकून जाणं हा पुढच्या प्रवाशांवर अन्याय आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपल्या रांगेत जागा नसेल तर पुढच्या दिशेला शोधा. बॅग मागच्या रांगेत गेली तर उतरताना लोंढ्याच्या उलट जाता येत नाही, विमान रिकामं होईपर्यंत बसून राहावं लागतं. दुसऱ्याची बॅग सरकवायची झाली तर ‘ही कुणाची?’ असं मोठ्याने विचारून, त्याच्यासमोरच सरकवा. क्रूला मात्र तोल, जागा किंवा झाकण यासाठी कुठलीही बॅग हलवण्याचा अधिकार आहे. हलवली तर कुठे ठेवली ते विचारून रांगेचा क्रमांक लक्षात ठेवा.

काही कप्प्यांवर आणीबाणीच्या सामानाची खूण असते. आत प्राणवायूची नळकांडी, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी असते. अर्धा कप्पा रिकामा दिसला म्हणून तिथे बॅग ठेवायची नाही. गरज पडली की क्रूला ती वस्तू काही सेकंदांत हाताशी लागते, वर बॅग असेल तर लागत नाही.

प्रश्न: पॉवर बँक बॅगेत ठेवून बॅग वर ठेवली तर चालते का? कुणी म्हणतं चालते, कुणी नाही.

उत्तर: आमचं उत्तर एकच: वर ठेवू नका. तुमच्या कंपनीचा नियम अजून परवानगी देत असला तरी.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात कुठेच चालत नाहीत, त्या सोबतच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-अवरच्या मधली असेल तर कंपनीची आगाऊ मंजुरी लागते आणि अशा जास्तीत जास्त दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाला नेता येत नाही. काही कंपन्यांची मर्यादा याहूनही कडक आहे.

वॉट-अवर काढायची रीत सोपी आहे. पॉवर बँक उलटी करा. मागे बारीक अक्षरांत क्षमता एमएएचमध्ये लिहिलेली असते. तिला सेलच्या व्होल्टेजने, बहुधा ३.७ ने, गुणा आणि १००० ने भागा. १०,००० एमएएचचे ३७ वॉट-अवर झाले, २०,००० चे ७४ आणि २७,००० चे ९९.९, म्हणजे अगदी काठावर. इथे चूक होते ती ५ व्होल्टने गुणण्यात. तो ५ चा आकडा बाहेर पडणाऱ्या विजेचा आहे, सेलचा नाही. त्याने २०,००० एमएएचची पॉवर बँक कागदावर १०० ची होते आणि माणूस विनाकारण घाबरतो. मात्र अक्षरं पुसली गेली असतील तर तपासणीत ती जप्त होऊ शकते. अशी पॉवर बँक घरीच ठेवा.

आता वरच्या कप्प्याबद्दल. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या गिमहे विमानतळावर एअर बुसानच्या ए३२१ विमानात उड्डाणाआधीच मागच्या बाजूच्या कप्प्यात आग लागली. विमानातले सगळे १७६ जण बाहेर पडले, पण विमानाचं छत जळून गेलं. पॉवर बँकेच्या आतलं इन्सुलेशन निकामी होऊन आग लागली असावी, असं तपासात पुढे आलं. १ मार्च २०२५ पासून दक्षिण कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. जपानने ८ जुलै २०२५ पासून तसंच सांगितलं. इतरही अनेक कंपन्यांनी हा नियम केला आहे आणि काहींनी विमानात पॉवर बँक वापरायलाही बंदी घातली आहे.

सगळं अडतं ते वेळेवर. लिथियम सेल आत बिघडला की तो स्वतःच तापत जातो आणि शेजारच्या सेललाही तापवतो. खिशात किंवा सीटखालच्या पिशवीत असेल तर चटका, फुगवटा, वास लगेच कळतो. वर बंद कप्प्यात, तीन बॅगांच्या खाली असेल तर धूर फटीतून बाहेर आल्यावरच कळतं, आणि तेव्हाही आग नेमक्या कुठल्या बॅगेत आहे ते शोधावं लागतं.

तेव्हा पॉवर बँक अंगावर, सीटच्या खिशात किंवा सीटखालच्या पिशवीत ठेवा. टोकं झाका: सुट्या बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पाऊचमध्ये घाला. किल्ल्या आणि नाण्यांच्या खिशात ती नको. पडलेली, भिजलेली, फुगलेली किंवा न वापरताही गरम लागणारी पॉवर बँक प्रवासाला नेऊच नका.

कप्प्यातून धूर दिसला तर? लगेच क्रूला हाक मारा, बाजूच्यांना उठवून दूर न्या, झाकण स्वतः उघडू नका. क्रू आधी अग्निशामकाने ज्वाळा विझवतात आणि मग पाणी ओतत राहतात. अग्निशामकाने ज्वाळा जाते, उष्णता जात नाही, म्हणून पाणी हवंच, नाहीतर शेजारचे सेल पुन्हा पेटतात. बर्फ टाकायचा नाही, त्याच्या थराखाली उष्णता कोंडते.

प्रश्न: कप्पे भरले म्हणून गेटवरच बॅग काढून घेतात. त्या घाईत काय बाहेर काढायचं ते सुचत नाही.

उत्तर: म्हणूनच ते घरी ठरवून ठेवायचं. एका पाऊचमध्ये पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, असल्यास ई-सिगरेट, औषधं, कागदपत्रं, किल्ल्या आणि दागिने घाला. पाऊच बॅगेच्या अगदी वर ठेवा आणि बाहेरच्या खिशात घडीची कापडी पिशवी ठेवा. बॅग मागितली की पाऊच आणि लॅपटॉप पिशवीत घालायचे, बॅग द्यायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

गेटवर दिलेली बॅग पोटातल्या सामानात जाते, म्हणून बॅटऱ्यांचा नियम तिला लगेच लागू होतो. बॅगेलाच बॅटरी बसवलेली असेल तर ती निघाली पाहिजे. न निघणाऱ्या बॅटरीची बॅग घेऊच नये. मिळालेला टॅग जपून ठेवा, त्यावर मुक्कामाच्या विमानतळाची तीन अक्षरं बरोबर आहेत का पाहा, आणि बॅग विमानाच्या दारात मिळणार की पट्ट्यावर, हे तिथेच विचारून घ्या.

इन्शुलिनसारखी औषधं कुठल्याही परिस्थितीत पोटातल्या सामानात देऊ नका, तिथे ती गोठू शकतात. वरच्या कप्प्यातही नकोत, सीटखाली ठेवा. सीटबेल्टची खूण लागलेली असताना उठता येत नाही आणि औषधाची वेळ खुणेसाठी थांबत नाही.

प्रश्न: आणीबाणीच्या दाराशेजारी सीट मिळाली. मांडीवरची लहानशी पर्ससुद्धा वर ठेवायला लावली. एवढा कडकपणा कशाला?

उत्तर: त्या रांगेतून बाकीचे लोक बाहेर पडणार असतात. पर्सचा पट्टा पायात अडकायला एक क्षण पुरतो. पहिल्या रांगेत समोर सीटच नसते, त्यामुळे सामान अडवून धरणारी दांडी नसते आणि तिथलंही सगळं वर जातं. इतर रांगांत समोरच्या सीटखाली पूर्ण आत ढकललेली पिशवी चालते, ती वाटेत डोकावता कामा नये. उड्डाण झाल्यावर, खूण विझली की पर्स काढून घेता येते.

प्रश्न: कप्प्यातल्या बॅगेत शांपूची बाटली फुटली. बॅग तर कुणी हाताळलीही नव्हती.

उत्तर: बाटली फुटली नाही, तिने आतलं बाहेर ढकललं. उंचावर केबिनमध्ये जमिनीइतका दाब ठेवत नाहीत. साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. २,४०० मीटरचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश भरतो, म्हणून बंद बाटलीतली हवा एक-तृतीयांशने फुगू पाहते. अर्ध्या भरलेल्या बाटलीत हवा जास्त, म्हणून ती जास्त गळते. बाटली पिळून, हवा काढून बूच लावा, तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून मग झाकण फिरवा आणि बंद पिशवीत उभी ठेवा. शाईचं पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं, निब वर करून ठेवा. कप्प्यात बॅग आडवी होणार असेल तर कुठली बाजू वर येईल ते बघून बाटल्या भरा, हे बरेच जण विसरतात.

प्रश्न: दुसऱ्याची बॅग वरून पडून खांद्याला लागलं. आणि माझ्याच बॅगेतली वस्तू कप्प्यात फुटली. भरपाई मिळते का?

उत्तर: दोन्हींचं उत्तर वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. विमानात अपघाताने शारीरिक इजा झाली तर कंपनी जबाबदार असते आणि ठरावीक रकमेपर्यंत तिची चूक सिद्ध करावी लागत नाही. २८ डिसेंबर २०२४ पासून ती रक्कम १,५१,८८० एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. सामानाची कमाल मर्यादा त्याच दिवसापासून १,५१९ एसडीआर झाली. पण सोबत नेलेल्या बॅगेचं नुकसान कंपनीच्या किंवा तिच्या माणसांच्या चुकीने झालं असेल तरच ती जबाबदार ठरते. म्हणून नाजूक वस्तू वर ठेवणं ही तुमचीच जोखीम.

लागलं असेल तर विमानातून उतरण्याआधी क्रूला लेखी नोंद करायला सांगा, सीटचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गेटवर टॅग लावून घेतलेली बॅग चेक-इनचं सामान ठरते. तिच्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत जायला हवी.

प्रश्न: काही तिकिटांवर वरच्या कप्प्यात बॅग ठेवायचे वेगळे पैसे घेतात. हे कायदेशीर आहे का?

उत्तर: देशागणिक वेगळं आहे. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं की वजन आणि माप वाजवी असेल तर हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, त्यावर जादा आकार लावता येत नाही. वाजवी म्हणजे किती, यावर वाद चालूच आहे. स्वस्तातल्या तिकिटात बहुधा फक्त सीटखालची पिशवी येते. युरोपातल्या कंपन्यांच्या संघटनेने त्यासाठी ४० × ३० × १५ सेंमी हे किमान माप मान्य केलं आहे. तिकीट घेताना ‘केबिन बॅग’ आणि ‘वैयक्तिक वस्तू’ हे दोन शब्द वेगळे वाचा. पैसे द्यायचेच असतील तर तिकिटासोबत द्या, गेटवर ते जवळपास नेहमीच जास्त पडतात.

प्रश्न: कप्प्यातून चोरी होते का?

उत्तर: होते, विशेषतः रात्रीच्या लांब प्रवासात. बॅग बरोबर डोक्यावर ठेवली तर तुम्हाला ती दिसत नाही. वाटेच्या पलीकडच्या बाजूला, एक रांग पुढे ठेवा. चेनची बाजू आत, भिंतीकडे. लहान कुलूप लावा. पैसे, पासपोर्ट आणि कार्डं वर नकोतच.

प्रश्न: विमानातून घाईने बाहेर पडायची वेळ आली तर वरची बॅग घ्यायची का? आत सगळी कागदपत्रं असतात.

उत्तर: नाही. प्रवासी विमानाला मान्यता मिळते ती अर्धीच दारं वापरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे दाखवल्यावर. त्या चाचणीत कुणी कप्पा उघडत नाही. एकाने वाटेत उभं राहून बॅग काढली की मागची सगळी रांग थांबते. बॅगेचं चाक किंवा हँडल घसरगुंडीचा फुगा फाडू शकतं, आणि मग त्या दारातून कुणीच उतरू शकत नाही.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण गेले. प्रवासी विमानातले ३७९ जण मात्र, सामान मागे सोडून, सगळे जिवंत बाहेर आले.

कागदपत्रांची सोय आधीच करा. उड्डाण आणि लँडिंगच्या वेळी पासपोर्ट, फोन, रोजचं औषध अंगावरच्या खिशात किंवा गळ्यातल्या पातळ पाऊचमध्ये ठेवा. त्या वेळी बूटही पायातच असू द्या.

प्रश्न: व्हायोलिन वर ठेवता येतं का? आणि मांजराची पेटी?

उत्तर: व्हायोलिन पुष्कळ विमानांत मावतं, पण पेटीची लांबी ५५ सेंमीच्या पुढे जाते, म्हणून कंपनीला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अमेरिकेत २०१५ पासून असा नियम आहे की वाद्य कप्प्यात सुरक्षित मावत असेल आणि बोर्डिंगच्या वेळी जागा असेल तर ते नेऊ द्यावं लागतं. मात्र आधी ठेवलेलं सामान कुणी काढून देत नाही. म्हणून बोर्डिंगला लवकर उभं राहा. पेटी कप्प्याच्या लांबीला समांतर, मागच्या भिंतीला टेकवून ठेवा, तारा थोड्या सैल करा आणि बाकीच्यांना सांगा की वर बॅग ठेवू नका. चेलोसाठी वेगळी सीट विकत घ्यावी लागते.

मांजराची पेटी कप्प्यात कधीही नाही, कुणीही सांगितलं तरी नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका विमानात कप्प्यात ठेवलेलं कुत्र्याचं पिल्लू दगावलं. पाळीव प्राण्याची पेटी समोरच्या सीटखाली, हवा येणारी जाळी तुमच्याकडे करून ठेवा.